वॉटर कूल्ड डेस्कटॉप: पाणी काढणं, आतून साफ करणं, पुन्हा भरणं

गारवा

कस्टम लूपचं (पंप, टाकी, रेडिएटर आणि नळ्या स्वतः जोडून केलेल्या वॉटर कूलिंगचं) पाणी बदलायचं म्हणजे जुनं ओतायचं आणि नवं भरायचं, असं समजून बरेच जण हे काम घाईने उरकतात. माझ्या मते पाणी काढणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. निघालेलं पाणी नीट पाहणं आणि सीपीयू ब्लॉक (सीपीयूवर बसणारा, आत बारीक चिरा असलेला धातूचा ठोकळा, ज्यातून पाणी फिरतं) उघडून बघणं, हा खरा मेंटेनन्स. तेवढ्यासाठीच हा धागा.

"तापमान तर ठीक आहे, मग कशाला उघडायचं?" असं हमखास विचारलं जातं. म्हणून आधी थोडं गणित. एक ग्रॅम पाणी एक अंशाने तापवायला साधारण ४.१८ ज्यूल लागतात. मिनिटाला १ लिटर प्रवाह असेल आणि सीपीयू-जीपीयू मिळून ३०० वॉट उष्णता सोडत असतील, तर एका फेरीत पाणी जेमतेम ४.३ अंशांनी तापतं. चांगल्या लूपमध्ये प्रवाह याच्या दुप्पट-तिप्पट असतो. म्हणजे गाळ साचून प्रवाह निम्म्यावर आला तरी आकड्यांत एक-दोन अंशांचाच फरक दिसणार, आणि तो आपण उन्हाळ्यावर ढकलून मोकळे होणार. प्रवाह पाव लिटरवर आला की मात्र एका फेरीतलं पाण्याचं तापणं १७ अंशांवर जातं. तोवर ब्लॉकमधल्या चिरा चांगल्याच बुजलेल्या असतात.

आता काम कसं करायचं ते.

बंद करण्याआधी मशीन थोडा वेळ चालू ठेवा. तळाशी बसलेला गाळ पाण्यात मिसळतो आणि पाण्याबरोबर बाहेर पडतो. मग शटडाऊन करा, पॉवर सप्लायचं बटण बंद करा, वायर काढा आणि केसचं (कॅबिनेटचं) पॉवर बटण दोन-चार सेकंद दाबून धरा. पाणी कोमट होईपर्यंत थांबा. मदरबोर्डवर आणि ग्राफिक्स कार्डावर जुना सुती टॉवेल टाका, फिटिंगच्या (नळी जिथे जोडली जाते त्या सांध्यांच्या) खाली टिश्यू खोचा.

ड्रेन व्हॉल्व्ह लूपच्या सगळ्यात खालच्या टोकाला असावा. त्याला नळी जोडून दुसरं टोक बाटलीत सोडा आणि व्हॉल्व्ह उघडा. बहुतेक वेळा थोडंसं पाणी येऊन धार थांबते. घाबरू नका, वरून हवा आत येत नाहीये एवढंच. आता रिझर्व्हॉयरचं (लूपच्या पाण्याच्या टाकीचं) वरचं झाकण हळूहळू सैल करा, धार सुरू होते. इथे एक गंमत आहे: वरच्या भोकावर बोट ठेवलं की धार थांबते, उचललं की पुन्हा लागते. बाटली भरत आली की व्हॉल्व्हशी झटापट न करता बोटाने काम होतं.

धार थांबली म्हणजे लूप रिकामा झाला असं नाही. ज्या रेडिएटरची तोंडं वर आहेत तो जवळजवळ भरलेलाच असतो, आणि जीपीयू ब्लॉकमध्येही पाणी राहतं. केस आधी मागे, मग पुढे, मग एका कुशीवर कलती करा आणि प्रत्येक वेळी थोडं थांबा. वरच्या भोकातून हातपंपाने हलकीशी हवा मारली तर आणखी बरंच पाणी निघतं. काँप्रेसर लावू नका. ॲक्रिलिकच्या टाकीला आणि ओ-रिंगना (सांध्यातून पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यांना) तो दाब झेपत नाही. पाणी पटापट निघावं म्हणून पंप चालवायचा मोहही नको. डी५ सारख्या (अशा लूपमध्ये नेहमी दिसणाऱ्या) पंपाचं बेअरिंग त्याच पाण्याने ओलं राहतं. कोरडा चालवला की ते घासतं.

आता मुख्य गोष्ट. काढलेलं पाणी रंगीत बादलीत घेऊ नका, पारदर्शक काचेच्या बाटलीत घ्या. दिवसभर हलवू नका, मग उजेडासमोर धरून बघा. तळाला बारीक चकाकते कण दिसले तर निकेलचा मुलामा सुटतोय का ते तपासायचं. बिनरंगाचं पाणी हिरवट-निळसर झालं असेल तर त्यात तांबं उतरलंय. बोटाला बुळबुळीत तार लागत असेल, वास कुबट असेल, तर आत शेवाळ किंवा जिवाणूंची वाढ आहे. पांढरा मेणचट साका दिसला तर बहुधा मऊ नळीतला प्लास्टिसायझर (नळी लवचीक ठेवणारा पदार्थ). यातलं काहीच नसेल, रंग फक्त फिका पडला असेल, तर ब्लॉक उघडून बघायचा पण फार काळजी करायची नाही. रंगद्रव्य उष्णतेने आणि उजेडाने विटतंच.

ब्लॉक उघडताना प्रत्येक टप्प्याला फोटो काढा. जेटप्लेट (चिरांवर पाणी सोडणारी पातळ पट्टी) कुठल्या बाजूने बसते हे नंतर आठवत नाही, आणि उलटी बसली तर पाणी चुकीच्या वाटेने जातं. तांब्याच्या तळाशी ज्या बारीक चिरा असतात त्या अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही अरुंद. लूपमधली सगळ्यात बारीक गाळणी तीच, म्हणून सगळा कचरा तिथे येऊन अडकतो. मऊ टूथब्रश, डिस्टिल्ड वॉटर आणि चिरांच्या दिशेनेच हात. आडवं घासू नका, सुई किंवा पिन तर अजिबात घालू नका.

एवढ्यावर थांबतो. भरण्याबद्दल प्रतिसादांत लिहीन.

नवी_जोडणी

वाचनखूण साठवली! गारवा, माझ्या लूपमध्ये ड्रेन व्हॉल्व्हच नाही. पीईटीजीच्या (एक पारदर्शक प्लास्टिक) कडक नळ्या आहेत. पहिल्यांदाच पाणी काढायचं आहे आणि कुठली नळी आधी ओढायची तेच ठरत नाहीये. शिवाय सीपीयू ब्लॉकच्या झाकणातून आत पांढरट काहीतरी दिसतंय.

गारवा

आधी रिझर्व्हॉयरमधून सायफनने जेवढं पाणी निघेल तेवढं काढा. वरच्या भोकातून बारीक नळी तळापर्यंत सोडायची आणि मोठ्या सिरिंजने ओढून सुरुवात करायची. तोंडाने ओढू नका, कूलंट (लूपमध्ये भरतात ते रसायनं मिसळलेलं पाणी) पोटात जाण्यासारखी वस्तू नाही. त्यानंतर केस अशी कलती करा की रिझर्व्हॉयरचं एखादं रिकामं, प्लग लावलेलं भोक सगळ्यात खाली येईल. तो प्लग काढून उरलेलं पाणी भांड्यात घ्या. बहुतेक टाक्यांना असं एखादं भोक असतंच. हे झाल्यावरच नळीला हात लावा, आणि तीही ग्राफिक्स कार्डाच्या वरची नाही, बाजूची.

पुन्हा जोडताना मात्र ड्रेन घालाच. पंपाच्या आउटलेटला टी-फिटिंग, त्यावर बॉल व्हॉल्व्ह, शेवटी प्लग. व्हॉल्व्हच्या तोंडावर प्लग हवाच, चुकून दांडा फिरला तरी पाणी बाहेर येणार नाही. लूप आखताना पहिल्यांदा ड्रेनची जागा ठरवावी आणि मग बाकीच्या नळ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. दिसायला सुंदर पण रिकामा न करता येणारा लूप लोक वर्षानुवर्षं उघडत नाहीत.

पांढरट म्हणजे कसं? पावडरीसारखं की मेणासारखं? आणि सगळ्या नळ्या कडकच आहेत का?

स्पॅनर

ड्रेनबद्दल +१.

कडक नळी काढताना सरळ ओढा, हलवून-वाकवून नाही. बाहेर आल्यावर तिच्या टोकाची कड नखाने तपासा. कड धारदार राहिली असेल तर आतली ओ-रिंग कापली जाते आणि फिटिंग कितीही आवळलं तरी थेंब येत राहतो. कापलेली कड आतून-बाहेरून घासून बोथट करायची. आणि फिटिंग पान्याने करकचून आवळू नका. G1/4 मापाच्या (अशा फिटिंगच्या आट्यांचं नेहमीचं माप) फिटिंगमध्ये पाणी अडवते ती ओ-रिंग, आटे नव्हे. हाताने घट्ट झालं की पुरे. ॲक्रिलिकला जास्त ताण दिला की भोकाभोवती केसासारखी चीर जाते.

रसायनी

गारवा, लेख छान झालाय. काही गोष्टींची भर घालतो.

पहिली, धातूंबद्दल. तांबं आणि ॲल्युमिनियम एकाच लूपमध्ये नको. दोघांच्या प्रमाण विद्युत विभवात (+०.३४ आणि -१.६६ व्होल्ट) जवळपास २ व्होल्टचं अंतर आहे. पाण्यात थोडे जरी आयन असले तरी ॲल्युमिनियमला खड्डे पडायला लागतात. गंजरोधक हे लांबवतो, थांबवत नाही. त्यामुळे रेडिएटर घेताना आतल्या नळ्या तांब्या-पितळेच्या आहेत का ते बघून घ्या. बाहेरच्या पातळ पट्ट्या (फिन) ॲल्युमिनियमच्या असतील तर हरकत नाही, त्यांना पाणी लागत नाही.

दुसरी, "डिस्टिल्ड वॉटर वीज वाहून नेत नाही, म्हणून सांडलं तरी चालतं" हा समज सोडा. बाटलीतलं ताजं पाणी जवळजवळ वाहक नसतं हे खरं. लूपमध्ये फिरलं की त्यात धातूचे आयन आणि इनहिबिटरचे (गंजरोधकाचे) क्षार आलेच. त्यात बोर्डावरची धूळ मिसळली की संपलंच. बोर्डावर पाणी पडलं तर पूर्ण वाळल्याशिवाय वीज जोडायची नाही.

तिसरी, ग्लायकॉल असलेलं कूलंट जुनं झालं की हळूहळू ऑक्सिडाइझ होऊन आम्ल तयार होतं, आणि इनहिबिटरही खर्च होत जातो. पीएच पट्टी वापरून बघा. ठराविक आकडा शोधू नका, त्याच कूलंटच्या न वापरलेल्या बाटलीशी तुलना करा. लूपमधलं पाणी स्पष्ट आम्लाकडे झुकलेलं असेल तर बदलायची वेळ होऊन गेली.

स्पॅनर

आणि व्हिनेगरचं काय? मी रेडिएटर पांढऱ्या व्हिनेगरात पाणी मिसळून धुतो. तांब्यावरचं काळं निघून लखलखीत होतं.

रसायनी

उघड्या तांब्याला पातळ व्हिनेगर थोडा वेळ चालतं. निकेलचा मुलामा असलेल्या ब्लॉकला अजिबात नको. मुलाम्याला कुठे सूक्ष्म छिद्र असेल तर आम्ल तिथून खालच्या तांब्यापर्यंत शिरतं आणि मुलामा पापुद्र्यासारखा सुटायला लागतो. टूथपेस्ट, घासणी, धातूची पॉलिश यांनी तर तो थेट घासूनच निघतो.

रेडिएटरबद्दल सांगायचं तर, नवा असेल तर आत सोल्डरिंगचा फ्लक्स राहिलेला असतो. तो काढायला आधी गरम डिस्टिल्ड वॉटरच वापरून बघा. अर्धा भरा, तोंडं बंद करा, जोराने हलवा, काचेच्या भांड्यात ओता, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहा. त्याने भागलं तर आम्लाची गरजच नाही. व्हिनेगर वापरलंच तर नंतरचं धुणं दुप्पट करा. आत राहिलेला थोडासा अंशही नव्या कूलंटचा इनहिबिटर खातो.

आणि तांबं काळपट झालं म्हणून कामात फरक पडत नाही. तो ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो की उष्णतेला त्याचा अडथळा जाणवत नाही. चिरा मोकळ्या आहेत का, एवढंच बघायचं.

गारवा

रसायनींशी सहमत. लखलखीतपणासाठी आम्ल नको, दिसलेल्या डागासाठी फार तर. नळाच्या पाण्याने शेवटचं धुणंही नको, त्यातले क्षार आणि क्लोराइड आत राहतात.

एक भर: ॲक्रिलिकचं झाकण किंवा टाकी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसू नका. थर्मल पेस्ट (सीपीयू आणि ब्लॉक यांच्यामधला लेप) काढायला तेच हाताशी असतं, म्हणून हे फार वेळा घडतं. ताणाखालच्या ॲक्रिलिकला अल्कोहोल लागलं की आत बारीक भेगांचं जाळं पसरतं आणि ते परत जात नाही. कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाचा एखादा थेंब, बस. अल्कोहोल फक्त धातूच्या तळाला.

नवी_जोडणी

ब्लॉक उघडला. पांढरं मेणासारखंच आहे, बोटांत चोळलं की चिकट लागतं. चिरांच्या अर्ध्या भागावर त्याचा थर बसलाय. आणि हो, पंपापासून खालच्या रेडिएटरपर्यंतचा तुकडा मऊ पारदर्शक नळीचा आहे, वाकवायला सोपा म्हणून टाकलेला. तो आता धुरकट दिसतोय.

गारवा

मग उत्तर तुमच्या हातातच आहे. पारदर्शक मऊ पीव्हीसी नळीला लवचीकपणा येतो तो प्लास्टिसायझरमुळे. कोमट पाणी आणि काही कूलंट तो हळूहळू बाहेर ओढतात. नळी धुरकट आणि कडक होत जाते आणि बाहेर आलेला पदार्थ सगळ्यात अरुंद जागी, म्हणजे ब्लॉकच्या चिरांमध्ये, जाऊन बसतो. नुसतं कूलंट बदललंत तर काही महिन्यांत पुन्हा हेच दिसेल. तो तुकडाच बदला. ईपीडीएम रबराची काळी नळी घ्या. पारदर्शक नसते, पण आत असं काही सोडत नाही.

साका काढायला कोमट पाण्यात भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश. थर मेणचट असल्यामुळे नुसत्या पाण्याने हलणार नाही. मग डिस्टिल्ड वॉटरने इतकं विसळा की फेसाचा मागमूस राहू नये. साबण राहिला तर रिझर्व्हॉयरमध्ये फेस धरतो आणि पंप हवा ओढायला लागतो.

ब्लॉकची मोठी ओ-रिंग बाहेर काढून बघा. गोलाई जाऊन चपटी झाली असेल तर नवी घाला. बसवताना सिलिकॉन ग्रीसचा अगदी पुसट हात. पेट्रोलियम जेली लावू नका, ओ-रिंग ईपीडीएमची असेल तर त्याने फुगते. खोबणीत केस किंवा धाग्याचा तंतू राहिला तरी तेवढ्या वाटेने पाणी झिरपतं, म्हणून उजेडात एकदा फिरवून बघा.

मांजरप्रेमी

एक प्रश्न. काढलेलं कूलंट सिंकमध्ये ओतलं तर चालतं का? घरात दोन मांजरं आहेत, म्हणून विचारते.

रसायनी

बरं झालं विचारलंत. इथिलिन ग्लायकॉल असेल तर फार जपून. चवीला गोड, आणि मांजर-कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करायला थोडंसंच पुरतं. लहान मुलांनाही तितकंच धोक्याचं. प्रोपिलिन ग्लायकॉल त्या मानाने बरंच कमी विषारी आहे, पण बायोसाइड (शेवाळ-जिवाणू मारणारं रसायन) आणि विरघळलेलं तांबं त्यातही असतंच. सिंकमध्ये, मातीत, गटारात नको. गाडीच्या जुन्या कूलंटची जशी विल्हेवाट लावतात तशीच याची लावायची. तोवर घट्ट झाकणाच्या बाटलीत, वर ठळक अक्षरांत लिहून. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही नाही. काम चालू असताना मांजरं दुसऱ्या खोलीत बंद ठेवा, आणि फरशीवर सांडलेलं लगेच पुसून कपडा बाहेर टाका.

सावली

माझ्याकडे ऑल-इन-वन कूलर आहे, कंपनीने भरून बंद केलेला. त्याचंही पाणी बदलायचं का? हल्ली पंपातून गुळगुळ आवाज येतो.

गारवा

भरायचं तोंड दिलेलं नसेल तर उघडू नका, वॉरंटीही जाते. त्यातलं पाणी नळीच्या रबरातून वर्षानुवर्षं थोडंथोडं उडून जातं आणि आत हवेची जागा वाढते. ती हवा पंपात आली की आवाज येतो. रेडिएटर कुठे बसवलाय ते बघा. त्याचा वरचा भाग पंपापेक्षा उंचावर हवा, म्हणजे हवा तिथे जाऊन थांबते. केसच्या पुढच्या बाजूला उभा लावला असेल आणि पंप सगळ्यात वर असेल, तर आधी ते बदलून बघा.

तोंड दिलेलं असेल तर कंपनी सांगते तेच कूलंट. नुसतं डिस्टिल्ड घालू नका. या कूलरमध्ये पुष्कळदा रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि तळ तांब्याचा असतो. रसायनींनी वर लिहिलंय तीच जोडी, आणि तिथे सगळी भिस्त इनहिबिटरवर. पाणी घालून तो पातळ झाला की गंज सुरू.

पारदर्शक

मूळ प्रश्नच वेगळा विचारतो. वीज न वाहणारा द्रव का नाही वापरत? गळतीची भीतीच संपेल.

रसायनी

वापरलाय, पण वेगळ्या पद्धतीने. १९८५ च्या क्रे-२ सुपरकॉम्प्युटरमध्ये सर्किट बोर्ड थेट फ्लोरिनर्ट या द्रवात बुडवलेले होते. पण अशा द्रवाची उष्णता धरण्याची ताकद ग्रॅममागे पाण्याच्या जेमतेम चौथाई असते, शिवाय तो फार महाग. नळ्या-ब्लॉकच्या छोट्या लूपला पाण्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

नवी_जोडणी

सगळं धुऊन जोडलं, टी-फिटिंग आणि व्हॉल्व्हही टाकला. आता भरायचंय. थर्मल पेस्ट लावून ब्लॉक बसवलाय. पुढे?

गारवा

आधी हवेने गळती तपासा. हातपंप आणि प्रेशर गेज असलेला टेस्टर मिळतो. साधारण ०.५ बार दाब देऊन पंधरा-वीस मिनिटं काटा बघा. काटा उतरला तर एकेक फिटिंग तपासायचं. पाणी न घालता गळती सापडते, म्हणून हे साधन हाताशी असावंच असं मला वाटतं.

मग भरणं. २४ पिनांचा कनेक्टर मदरबोर्डवरून काढा, सीपीयूची आणि ग्राफिक्स कार्डाची वायरही काढा. वीज फक्त पंपाला. २४ पिनांच्या टोकावर जंपर प्लग लावला की सप्लाय बोर्डाशिवाय चालू होतो. हिरवी वायर काळीला जोडूनही तेच होतं, पण आता बऱ्याच सप्लायच्या सगळ्याच वायरी काळ्या असतात, म्हणून प्लगच बरा. ड्रेन व्हॉल्व्ह बंद आहे आणि त्याला प्लग आहे, हे पुन्हा बघून घ्या.

टाकी भरा, सप्लाय चालू करा. पंप काही क्षणांत टाकी ओढून घेईल. पातळी तळाशी जायच्या आत बंद करा, पुन्हा भरा, पुन्हा चालू. इथे एक हात सप्लायच्या बटणावरच हवा. पातळी टिकायला लागली की केस हळूहळू चारही बाजूंना कलती करा. रेडिएटरमधली हवा खळखळत बाहेर येईल. त्यानंतर फिटिंगखाली कोरडे टिश्यू ठेवून शक्य तितके तास, रात्रभर जमलं तर उत्तमच, पंप एकटा चालू द्या. टिश्यू कोरडे राहिले की मगच बाकीच्या वायरी.

दोन कंपन्यांची कूलंट मिसळू नका, आतली रसायनं जुळली नाहीत तर साका धरतो. दुधट दिसणारी पेस्टल कूलंट मी कुणाला सुचवत नाही. त्यांतले तरंगते कण आज ना उद्या चिरांमध्ये बसतात. फोटोसाठी घातलं असेल तर सहा महिन्यांत काढा. साधं पारदर्शक कूलंट वर्षभर चालतं, कंपनीने जास्त मुदत दिली असेल तरी वर्षाने बाटलीत काढून एकदा बघावं. पीईटीजी नळ्या आहेत म्हणून पाणी ६० अंशांच्या बरंच खाली ठेवा. तिथपासून त्या नरम पडायला लागतात आणि फिटिंगमधून सुटू शकतात. पाण्याचं तापमान दाखवणारा सेन्सर टाकला तर फॅनचा वेगही त्यावरच बांधता येतो.

नवी_जोडणी

झालं! टिश्यू सकाळी पूर्ण कोरडे. सेन्सरही टाकला. पूर्ण लोडवर सीपीयू आणि पाणी यांच्यात २९ अंशांचा फरक दिसतोय. आधीचा आकडा माझ्याकडे नाही, पण लोड दिल्यावर फॅन पूर्वीसारखे ओरडत नाहीत. मऊ नळीचा जुना तुकडा उभा चिरून बघितला, आतून दुधासारखा पांढरा झालाय.

गारवा

वा, फार छान! तो २९ चा आकडा लिहून ठेवा, सोबत कुठला प्रोग्रॅम चालवला, पंपाचा वेग किती होता आणि तारीख. दर दोन-तीन महिन्यांनी तीच चाचणी करा. खोलीचं तापमान बदललं तरी हा फरक फारसा बदलत नाही, म्हणून तो ३५ कडे सरकायला लागला तर पेस्ट वाळली किंवा चिरा पुन्हा बुजायला लागल्या. येत्या पंधरा दिवसांत टाकीची पातळी थोडी उतरेल, अडकलेली हवा सुटते म्हणून. तेवढंच भरा, त्याच बाटलीतलं. बाटली अंधारात ठेवा आणि थोडं कूलंट तळाशी राखून ठेवा, पुढच्या वेळी लूपमधल्याशी ताडून बघायला लागेल.